हुदेरचं पाणी

नेदरलँड्समधली एकच गोष्ट आबांना मनापासून आवडली, आणि ती म्हणजे स्वयंपाकघरातला नळ. नळ सोडायचा, पेला भरायचा आणि सरळ तोंडाला लावायचा. उकळायचं नाही, गाळायचं नाही, टँकर कधी येणार म्हणून कुणाला फोन करायचा नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते लागोपाठ चार पेले पाणी प्यायले आणि पाचवा भरून खिडकीपाशी उजेडात धरून बघत बसले. बाकी देशाबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. भाकरीला तव्यावरून उतरवेपर्यंत चव असते, इथल्या पावाला दुकानातही नसते, असं ते म्हणायचे. पण नळापुढे त्यांनी हात टेकले होते.

आबा म्हणजे लहू. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, वय एक्क्याऐंशी, गाव सातारा जिल्ह्यात माणगंगेच्या काठी. काठी म्हणायचं आपलं. वर्षातले नऊ महिने तिथे काठच असतो, गंगा नसते. बायको गेल्यावर लेकीनं फारच आग्रह केला म्हणून ते तीन महिन्यांच्या व्हिसावर युट्रेख्टला आले होते. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं.

लेक धम्मदीपा पाण्याचीच होती, पण जमिनीखालच्या. पुण्याहून शिकायला आली, इथेच डॉक्टरेट झाली आणि आता आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला एका सल्लागार कंपनीत नोकरी करत होती. बापाचं पाणी उघड्यावरून वाहणारं, लेकीचं पाणी वाळूत दडलेलं. जेवताना दोघांचा वाद रंगायचा. अशा वेळी सुयश, तिचा नवरा, ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसायचा. तो नायमेखनला चिपच्या कारखान्यात होता. पाण्याशी त्याचा संबंध अंघोळीपुरता.

गेल्या महिन्यात धम्मदीपाच्या टेबलावर एक नवं काम आलं होतं. तांबड्या समुद्राकडच्या एका कोरड्या किनाऱ्यावर शांतिसेनेचे आठशे सैनिक उतरायचे होते. त्यांचे तंबू कुठे पडावेत, त्यांना पाणी कुठून मिळावं आणि किती दिवस पुरावं, याचा अहवाल हवा होता. नकाशे होते, उपग्रहाची चित्रं होती, पण त्या मुलखात खणून बघितल्याची नोंद कुणाकडेच नव्हती. मग तिने जुनी पुस्तकं काढली. दीडशे वर्षांपूर्वी ब्रिटिशांच्या फौजा त्याच किनाऱ्यावरून गेल्या होत्या आणि साहेब लोकांची एक सवय चांगली होती: जिथे मुक्काम पडेल तिथलं सगळं लिहून ठेवायचं. मुक्कामाचं नाव, मागच्या मुक्कामापासूनचं अंतर, छावणीला जागा किती, पाणी कसलं, सरपण मिळतं का, शेरा. कुठल्याशा ग्रंथालयानं ते पुस्तक पानापानानं स्कॅन करून ठेवलं होतं. ती रोज गाडीत बसून दहावीस पानं वाचायची.

बुधवारी, घरी परतताना, एकशे बाराव्या पानावर तिला हुदेर सापडलं.

तिच्या घरात हुदेर माहीत नाही असं कुणी नव्हतं. आबांचा पणजोबा धाकनाक मुंबईच्या पलटणीत शिपाई होता. बोटीतून उतरून वाळवंटातून चालत पलटण हुदेरला पोचली तेव्हा विहिरीचं पाणी खारट झालं होतं. माणसं जिभा बाहेर काढून पडली होती. तेव्हा धाकनाकानं वाळूत उथळ खड्डा खणून झिरा काढला आणि सगळी पलटण त्याच्या हातचं पाणी प्यायली. ब्राह्मण प्यायले, मराठे प्यायले, साहेबही प्यायला. ही गोष्ट आबांना त्यांच्या आजोबांनी सांगितली होती, आबांनी धम्मदीपाला सांगितली आणि जयंतीच्या प्रत्येक सभेत, कुणी भाषण करा म्हणो न म्हणो, सांगितली. ज्या गावात धाकनाकाला पेन्शन घेऊन परतल्यावरही विहिरीच्या पायरीवर पाय ठेवायची सोय नव्हती, त्या गावात ही गोष्ट म्हणजे घरातला एकुलता एक दागिना होता.

पाचवीत असताना धम्मदीपानं तो दागिना शाळेत नेला होता. ‘माझे पूर्वज’ या निबंधात तिने हुदेरची हकीकत लिहिली. बाईंनी तांबड्या शाईत शेरा दिला: कल्पनाशक्ती छान आहे. ती वही तिने आबांना दाखवली तेव्हा आबा फक्त म्हणाले, “कुठंतरी लिहिलेलं असणारच गं. साहेबाचं राज्य होतं. लिहिल्याशिवाय राहायचे नाहीत ते.”

आणि खरंच लिहिलेलं होतं. तिने ओळ वाचली, पुन्हा वाचली. स्टेशन आलं, दार उघडलं, बंद झालं, गाडी पुढे निघून गेली तरी ती जागची उठली नाही.

हुदेर. छावणीला जागा विस्तीर्ण, जमीन रेताड. विहीर एक, खोली चाळीस फूट. उपसा वाढताच दुसऱ्या दिवशी पाणी खारट. छावणीच्या समुद्राकडील टोकास, जेथे महार शिपायांस पाण्यापासून दूर वेगळी जागा दिली होती, तेथे त्यांनी वाळूत अडीच फुटांचे उथळ खड्डे काढले. पाणी गोड, दोनशे माणसांस पुरेल इतके. युरोपियन अधिकारी, घोडे व खेचरे यांनी वापरले. उर्वरित देशी शिपायांनी त्या हातचे पाणी घेण्यास नकार दिला व विहिरीचेच पीत राहिले. एकतीस आजारी, चार मृत.

पुढच्या स्टेशनवर उतरून ती उलट्या गाडीनं परत आली. घरी आबा कांदा चिरत बसले होते. “उशीर?” त्यांनी विचारलं. “गाडी,” ती म्हणाली. या देशात गाडीवर काहीही ढकललं तरी लोक विश्वास ठेवतात.

सुयशला तिने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, तो सायकलची साखळी पुसत असताना.

“सांगू नकोस,” तो म्हणाला. “अगं, एक्क्याऐंशी वर्षं माणूस एका गोष्टीवर जगलाय. रविवारी फ्लाइट आहे. खुशीत जाऊ दे.”

“पण खड्डे काढले हे खरं आहे. पाणी गोड होतं, हेही खरं आहे.”

“मग तेवढंच सांग.”

“आणि प्यायले का म्हणून विचारलं तर?”

सुयशनं साखळीवरून नजर वर केली. त्याच्या घरातही अशा दोनचार गोष्टी होत्या, ज्यांची शेवटची ओळ कुणी विचारत नसे. “विचारतीलच म्हणा,” तो म्हणाला आणि पुन्हा साखळी पुसायला लागला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. धम्मदीपा ऑफिसच्या अहवालात नेमकं काय लिहायचं ते लिहून मोकळी झाली होती: खोल विंधनविहीर घेऊ नये, समुद्रकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसं तरंगत असतं, खोल गेलात की साय फाटते, उथळ खड्डे अनेक ठिकाणी घ्यावेत, सावकाश उपसावेत. हे तिला विद्यापीठात चार वर्षं घालवून कळलं होतं. धाकनाकाला ते कळायला विद्यापीठाची गरज नव्हती. ज्यांना विहिरीवर येऊ देत नाहीत त्यांना नदीच्या वाळूतून पाणी काढता यावंच लागतं. आणि वाळूत पाणी किती खोलवर गोड आणि कुठून पुढे गढूळ, हे बोटांना कळावं लागतं. हे सगळं तिला आबांना सांगायचं होतं, अगदी ओरडून सांगायचं होतं. पण प्रत्येक वेळी पुढची ओळ आडवी यायची.

शनिवारी आबांनीच समुद्र बघायची टूम काढली. “एवढा पाण्याचा देश, अन् समुद्र न बघता गेलो तर गावात काय सांगू?” सुयशला ड्यूटी होती. बापलेक दोघंच निघाले. आम्स्टरडॅमला गाडी बदलून झांडफोर्टला उतरले, तर स्टेशनाबाहेर समुद्रच. सप्टेंबर होता, आठवडाभर पाऊस झाला होता आणि वारा असा की बोललेलं वाक्य बोलणाऱ्याच्याच तोंडात परत यायचं. म्हणून ते खूप लांबवर, वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आडोशाला जाऊन बसले. कुत्री फिरवणारी माणसं सोडली तर किनाऱ्यावर कुणी नव्हतं.

“या टेकड्यांखाली गोडं पाणी आहे, आबा,” ती म्हणाली. “आम्स्टरडॅमला नळाला येतं ना, त्यातलं बरंचसं अशाच टेकड्यांतून गाळून येतं.”

आबांनी वाळूची मूठ उचलली, दाबली, सोडली. “असणार. ओल आहे.” मग समुद्राकडे बघत म्हणाले, “असंच असेल ना गं हुदेर? इकडं समुद्र, इकडं वाळू. ऊन तेवढं जास्त.”

तिच्या पर्समध्ये त्या पानाची छापील प्रत तीन दिवस पडून होती. आता नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. उद्या स्किपोल विमानतळाच्या दारात सांगायची ही गोष्ट नव्हती आणि फोनवर सांगायची तर मुळीच नव्हती.

“आबा, हुदेर सापडलं,” ती म्हणाली.

आबांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तिला वाटलं, आपण इथेच थांबावं, पर्स समुद्रात फेकून द्यावी.

“लिहिलंय?”

“लिहिलंय.”

“झिऱ्याचं?”

“झिऱ्याचं. पाणी गोड होतं असंही लिहिलंय.”

“मी म्हणत नव्हतो?” आबांचा आवाज चिरकला. “साहेब लिहिल्याशिवाय राहायचा नाही! अन् प्यायले सगळे?”

तिने पर्स उघडून कागद त्यांच्या हातात ठेवला.

आबांनी चष्मा बदलला, कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून गुडघ्यावर दाबून धरला आणि रकान्यांवरून बोट फिरवायला लागले. त्यांचं इंग्रजी खात्यातलं होतं, नोंदवहीचं. पण हे पानही नोंदवहीचंच होतं. त्यांना एकही शब्द अडला नाही. बोट शेवटच्या ओळीवर पोचलं, तिथून परत वर गेलं आणि पुन्हा सावकाश खाली आलं.

“खेचरं प्यायली,” ते म्हणाले.

“आबा…”

“घोडे प्यायले. चांगलंय. जनावराला कळतं.” त्यांनी बोट शेवटच्या आकड्यावर ठेवलं. मग म्हणाले, “चार मेले. मेले पण प्यायले नाहीत.”

धम्मदीपाला रडू आलं आणि रडण्याचा रागही आला. “मी सांगायलाच नको होतं. मूर्ख आहे मी.”

“तू कशाला मूर्ख? लिहिलंय ते लिहिलंय.” आबांनी कागदाची नीट घडी केली. “माझ्या आजोबांना तरी काय ठाऊक. पणज्यानं पोरांना सांगताना सगळे प्यायले असंच सांगितलं असणार. नाहीतर काय सांगायचं पोरांना?”

लाटांचा आवाज येत राहिला. आबा काहीतरी जुळवत होते, हे तिला त्यांच्या ओठांच्या हालचालीवरून कळत होतं. कालव्याच्या पाळ्यांचा हिशेब करताना ते असेच ओठ हलवायचे.

“दीपा,” ते शेवटी म्हणाले, “आपल्यात झिरा काढणारा शेवटी पितो. ठाऊक आहे का तुला?”

“नाही.”

“तू कधी नदीला गेलीस? तुझ्या वेळेला हापसा आला होता. माझी आई झिरा काढायची. काढून झाला की पहिल्या दोन भरण्या फेकायच्या, मग पोरांना पाजायचं, आल्यागेल्याला पाजायचं, अन् सगळ्यांचं झालं की मग तिनं प्यायचं. काढणाऱ्यानं आधी तोंड लावायचं नाही. चालतच आलंय ते.” त्यांनी घडी केलेला कागद हातात उलटसुलट केला. “बाकीचे येतील म्हणून हा बसला असणार बघ. ते आलेच नाहीत. मग हा प्यायला कधी?”

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. एकशे तेराव्या पानावर पुढचा मुक्काम होता.

आबांनी कागद तिच्याकडे दिला, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. टेकडीच्या पायथ्याला एका खोलगट जागेत ते ओणवे झाले, दोनतीन ठिकाणी तळहात टेकवून बघितला आणि एका ठिकाणी खणायला लागले.

“आबा, काय करताय? कंबर धरेल. उद्या एवढा प्रवास आहे.”

“गप बस. तो शिंपला दे इकडं.”

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस शिंपल्यानं वाळू खरवडून काढत होता आणि त्याची पीएचडी झालेली लेक कडेनं ढासळणारी वाळू दोन्ही हातांनी मागे ओढत होती. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी थांबून हात हलवला, किल्ला करताय का म्हणून डचमध्ये विचारलं आणि ‘हो’ ऐकून खूश होऊन निघून गेल्या. हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा तळाची वाळू काळपट झाली. मग चकाकली. मग चारी बाजूंनी, अगदी हळू, पाणी यायला लागलं.

“बास. याच्या खाली जायचं नाही,” आबा म्हणाले. “लोकांना वाटतं अजून खणलं की अजून पाणी. तिथंच फसतात.”

भरलेलं पाणी त्यांनी ओंजळीनं काढून फेकलं. दुसऱ्यांदा भरलं, तेही फेकलं. तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा ते मांडी घालून बसले आणि त्याच्या निवळण्याची वाट बघत राहिले. हळूहळू तळाचे वाळूचे कण दिसायला लागले. आबांनी हातांची वाळू झटकली, एका ओंजळीत पाणी उचललं आणि ओंजळ लेकीसमोर धरली.

“घे.”

धम्मदीपानं पाण्याकडे बघितलं. आणि तिच्या मनात जे आलं ते तिच्या धंद्याचं होतं, दुसरं काही नव्हतं: किनाऱ्यावर दिवसभर कुत्री फिरतात. नमुना घेतलेला नाही. जंतू किती, कुणाला ठाऊक. रसायनं आहेत, लाटांच्या फेसाला मुलांना हात लावू देऊ नका म्हणून इथलं सरकारच सांगतं. हे सगळं डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? एक श्वास. पण त्या एका श्वासात तिची मान किंचित मागे गेली.

आबांनी ते बघितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी बोटं सैल केली आणि पाणी पुन्हा खड्ड्यात पडलं.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात. “तपासल्याशिवाय पिऊ नये. मीच लोकांना सांगत फिरायचो.” आणि ओला हात विजारीला पुसला. स्वतः प्यायले नाहीत.

तेव्हा तिला कळलं, आपण कुठल्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो ते. कारण कितीही शहाणं असेल, समोर ओंजळ धरणाऱ्याला ते कुठे दिसतं? त्याला फक्त मागे गेलेली मान दिसते. दीडशे वर्षं एका ओंजळीसमोर कुणीतरी वाकावं म्हणून हे घर आस लावून बसलं होतं आणि आज ओंजळ पुढे आली तर मागे सरली होती ती, धम्मदीपा, धाकनाकाची वंशज.

“आबा, पुन्हा काढा,” ती म्हणाली.

“राहू दे गं. आजारी पडशील.”

“पडू दे. पुन्हा काढा.”

आबांनी खड्ड्यात बघितलं. “गढूळलंय आता. थांबावं लागेल.”

“थांबू.”

ते थांबले. वारा होता, थंडी वाजत होती, परतीची एक गाडी तेवढ्यात निघून गेली. तिने आपली शाल काढून आबांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी ती काढली नाही. दोघंही खड्ड्याकडे बघत राहिले. तिला आई हवी होती, आजी हवी होती, ती कधीही न बघितलेली नदीतली सकाळ हवी होती. आणि उद्या या वेळी आबा आभाळात असतील.

पाणी निवळलं. आबांनी पुन्हा ओंजळ भरली, या वेळी जरा बिचकतच, आणि अर्ध्यावर धरली, पूर्ण पुढे नाही. उरलेलं अंतर धम्मदीपानं कापलं. वाळूत गुडघे टेकून तिने तोंड त्यांच्या ओंजळीला लावलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. ओठांना वाळू लागली, आबांच्या तळव्यांचे घट्टे लागले.

“कसं आहे?” आबांनी विचारलं.

खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. “थोडं मचूळ आहे, आबा.”

“व्हय? मग चार बोटं जास्त गेलो मी.” आबा हसले आणि हसताहसताच डोळे पुसायला लागले. “पण प्यायलीस ना?”

“प्यायले. आता तुम्ही प्या.”

आबांनी एकदा किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, कुणी यायचं राहिलंय का बघावं तशी. कुणी नव्हतं. मग ते वाकले आणि दोन्ही हातांनी घटाघटा पाणी प्यायले.